दोन शतांश मिलिमीटर

माझं इंजिन वाफेवर पहिल्यांदा चाललं ते जेमतेम अर्धा मिनिट.

जागा : सांगोल्यातल्या आमच्या घराची गच्ची. बॉयलर म्हणून आईचा जुना पाच लिटरचा कुकर. शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जागच्या जागी. फक्त झाकणाला एक जास्तीचं तोंड बसवून तिथून तांब्याची बारीक नळी काढलेली. नळीच्या दुसऱ्या टोकाला मुठीएवढं इंजिन. २० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा सिलिंडर, आत ॲल्युमिनियमचा पिस्टन, बाहेर पितळी फ्लायव्हील. कुकरची शिटी झाली, मी कॉक उघडला. इंजिनानं आधी गरम पाणी थुंकलं, मग दोन-तीन आचके देऊन ते फिरायला लागलं. आई टाळ्या वाजवायला हात वर करते न करते तोच 'कर्र' असा आवाज आला आणि फ्लायव्हील थांबलं. हातानं फिरवून बघितलं, हलेना. अर्ध्या तासानं सगळं गार झाल्यावर ते पुन्हा अलगद फिरायला लागलं. जणू काही झालंच नव्हतं.

हेच इंजिन पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चार दिवस सुरळीत चाललं होतं. म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता, उष्णतेत होता.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांसारखीच. घरून काम करायच्या दिवसांत सांगोल्याला आलो आणि एक तरी वस्तू हातानं बनवायची असं डोक्यात घेतलं. बनवलं म्हणजे काय, ड्रॉइंग मी काढलं आणि टर्निंग केलं बाजारपेठेमागच्या एका लेथवाल्या काकांनी. आठवीपर्यंत शिकलेले, चाळीस वर्षं पंपांची आणि डिझेल इंजिनांची कामं केलेली. मी ॲल्युमिनियमचा बार त्यांच्या हातात दिला तेव्हाच ते म्हणाले होते, "ह्यो तापला की फुगंल. बिडाचा घ्या. न्हायतर गॅप जास्ती ठेवा आन् रिंगा टाका." मी त्यांना हलक्या पिस्टनचे फायदे समजावून सांगितले. "बरं, तुमी इंजिनेर," असं म्हणून त्यांनी लेथ चालू केलं.

गच्चीवरून खाली येऊन मी हिशेब मांडला. गच्चीवरचं तापमान साधारण ३० अंश, कुकरमधल्या वाफेचं साधारण १२०. म्हणजे ९० अंशांचा फरक. २० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन तेवढ्यात सुमारे ४१ मायक्रॉन फुगतो. बिडाचा सिलिंडरही फुगतो, पण फक्त २० मायक्रॉन. फरक २१ मायक्रॉनचा. आणि मी ड्रॉइंगवर मोठ्या दिमाखात गॅप लिहिला होता ०.०२, म्हणजे २० मायक्रॉन. दोन शतांश मिलिमीटर.

हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. दुसऱ्या वर्षाला तो परीक्षेत सोडवून मी मार्क मिळवले होते. तरी काकांचं ऐकलं नाही, याची बोच लागून राहिली. त्या बोचेपायी मी सिलिंडरचा इतिहास वाचायला लागलो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली ही फट तीनशे वर्षांत कुणी कशी बुजवली? आणि बुजवणाऱ्यांपैकी इंजिनिअर कुणाला म्हटलं गेलं?

वायसर

सायकलचा हातपंप उघडून बघितला असेल तर सिलिंडर तुम्हाला आधीच कळलेला आहे. दांड्याच्या टोकाला चामड्याची एक वाटी असते, आपल्याकडे तिला वायसर म्हणतात. दांडा खाली दाबला की हवेच्या दाबानं वाटीची कड पसरते आणि नळीच्या भिंतीला चिकटते. वर ओढला की कड सैल पडते आणि हवा आत येते. वायसर सुकला की पंप 'फुस्स' करतो. मग आपण त्यावर दोन थेंब तेल सोडतो, चामडं मऊ होतं, पंप पुन्हा हवा धरतो.

वाफेच्या इंजिनातली अडचण हीच, फक्त तापलेली. फट मोठी ठेवली तर वाफ पिस्टनच्या बाजूनं निसटते. लहान ठेवली तर घर्षण वाढतं आणि उष्णतेनं पिस्टन अडकतो. छोट्या मॉडेलमध्ये हे दुखणं आणखी वाढतं. सिलिंडर निम्मा केला तर त्यातली जागा आठव्या हिश्श्यावर येते, पण भिंत चौथ्याच हिश्श्यावर येते. म्हणजे वाफेच्या मानानं गळायला फट जास्त आणि गार व्हायला भिंत जास्त. माझ्या इंजिनानं सुरुवातीला पाणी थुंकलं ते यामुळेच; गार भिंतीला लागून वाफेचं पाणी झालं होतं.

गंमत अशी की वाफेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध एका बिघडलेल्या मॉडेलमुळेच लागला.

चामड्यावर पाणी

१७१२ मध्ये इंग्लंडमध्ये डडली किल्ल्याजवळच्या एका खाणीवर टॉमस न्यूकमेननं पाणी उपसायचं इंजिन बसवलं. त्याचा पितळी सिलिंडर २१ इंच व्यासाचा होता. आत वाफ भरायची, मग गार पाण्याचा फवारा मारून ती निववायची. आत पोकळी झाली की बाहेरची हवा पिस्टनला खाली दाबणार. न्यूकमेन लोखंडी हत्यारांचा व्यापारी होता. सिलिंडर आतून हातानं घासून जेवढा गोल होईल तेवढाच गोल. त्यानं पिस्टनच्या कडेला चामडं लावलं आणि पिस्टनवर पाण्याचा एक थर ठेवला. फट राहिलीच तर तिच्यातून हवेऐवजी थोडं पाणी आत जाईल, काम थांबणार नाही.

या इंजिनाचं एक छोटं मॉडेल ग्लासगो विद्यापीठात होतं. सिलिंडर दोन इंच व्यासाचा. ते नीट चालेना म्हणून १७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठातल्या उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटकडे आलं. वॉटनं ते दुरुस्त केलं, तरी चार-दोन फेऱ्यांत त्याची वाफ संपायची. बॉयलर पुरत नव्हता, कारण बहुतेक वाफ दर खेपेला गार झालेला सिलिंडर तापवण्यातच जात होती. मोठ्या इंजिनात जी उधळपट्टी खपून जायची, ती मॉडेलनं उघडी पाडली. त्यातून १७६५ मध्ये वॉटला सुचलं की वाफ निववायची ती सिलिंडरबाहेर, वेगळ्या भांड्यात. सिलिंडर कायम गरमच ठेवायचा.

पण गरम सिलिंडरमध्ये पिस्टनवर पाणी ठेवता येत नाही, ते सिलिंडर गार करणार. न्यूकमेनची सोपी युक्ती हातची गेली. पुढची दहा वर्षं वॉट फट बुजवायच्या मागे होता. फेल्ट, कागदाचा लगदा, दोराचे धागे, चरबी, तेल. जे हाती लागेल ते त्यानं पिस्टनच्या कडेला भरून बघितलं. कल्पना तयार, पेटंट घेतलेलं, आणि इंजिन मात्र गळतंय. जगातला सगळ्यात प्रसिद्ध इंजिनिअर दहा वर्षं एका फटीशी झगडत होता हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आजोबांची मोट

इथं मला आमचे आजोबा आठवतात. माणदेशात पाऊस कमी, माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. शेती विहिरीच्या जिवावर. ऑइल इंजिन येण्याआधी विहिरीवर मोट असायची. बैल उताराच्या वाटेनं पुढं गेले की चामड्याची भली मोठी पखाल भरून वर यायची. तिला खाली चामड्याचीच सोंड. ती दोरीनं वर धरलेली असते तोवर पाणी आत, थारोळ्यापाशी सोंड आडवी झाली की पाणी पाटात. बिनलोखंडाचा व्हॉल्व्हच तो.

ही मोट शिवायचं काम गावातल्या चांभाराकडे. पाण्याचं एवढं ओझं दिवसभर वर-खाली होणार, आणि शिवणीतून धार लागता कामा नये. चामडं कुठल्या बाजूनं कापायचं, टाका किती अंतरावर घालायचा, तेल किती मुरू द्यायचं हे सगळं त्याच्या हातात. कोरडं चामडं चिरतं आणि फार भिजलेलं सैल पडतं, हे त्याला न्यूकमेनइतकंच ठाऊक होतं. मोबदल्यात सुगीला बलुतं मिळायचं, तेही खळ्याच्या कडेला उभं राहून. आजोबा सांगायचे की मोटेला पाणी धरलं नाही तर त्याला रात्रीतून बोलावणं जायचं, आणि पाणी धरलं तर त्याचं नाव कुणी काढायचं नाही.

मोट म्हणजे काही वाफेचं इंजिन नव्हे. पण ज्या चामड्यानं इंग्लंडातलं पहिलं इंजिन हवा धरून होतं, त्याच चामड्याचं ज्ञान आमच्या विहिरीवर पिढ्यानपिढ्या होतं. तिकडे त्याचं यंत्रशास्त्र झालं. इकडे ती जात राहिली.

तोफेचं भोक

वॉटची सुटका केली ती तोफा बनवणाऱ्यानं. जॉन विल्किन्सन हा इंग्लंडातला लोखंडाचा कारखानदार. १७७४ मध्ये त्यानं तोफेचं भोक भरीव ओतिवातून सरळ पाडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सिलिंडरसाठी त्यानं वेगळं यंत्र बांधलं. आधीच्या यंत्रांत कापणारं हत्यार एका लांब दांड्याच्या मोकळ्या टोकाला असायचं. ओतीव जिथं वाकडं, तिथं हत्यारही वाकडं जायचं. विल्किन्सननं दांडा सिलिंडरमधून आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला. आता हत्यार सिलिंडरच्या नाही, दांड्याच्या सरळपणानं चालणार. आपल्याकडे लायनर बोअर करायला आजही बोअरिंग बार वापरतात, तो याच घराण्यातला.

१७७६ मध्ये वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानं लिहिलं की ५० इंची सिलिंडरमध्ये कुठंही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही. शिलिंगचं नाणं एक-दीड मिलिमीटरचं धरा. म्हणजे औद्योगिक क्रांती सुरू झाली तेव्हाची उत्तम अचूकता माझ्या मुठीएवढ्या इंजिनातल्या फटीच्या पन्नासपट ढोबळ होती! उरलेली फट दोराच्या धाग्यांनी आणि चरबीनं भरायची. पिस्टनच्या कडेच्या खोबणीत धागे गुंडाळायचे, वरून कडी आवळायची, झिजले की पुन्हा भरायचे. याला पॅकिंग म्हणतात, आणि हा शब्द सांगोल्यातल्या कुठल्याही पंपवाल्याला समजतो.

मुंबईतली विहीर

१८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही मुंबईतच बांधलेली आगबोट मुंबईहून सुएझला गेली. बोट इथली असली तरी इंजिन विलायती. मुंबईच्या गोदीत तेव्हा वाडिया घराण्याचं राज्य होतं. लवजी नसरवानजींपासून या पारशी कुटुंबानं सागवानी जहाजं बांधली, ब्रिटिश आरमारासाठीसुद्धा. याच घरातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया, जन्म १८०८. वयाच्या चौदाव्या वर्षी गोदीत लागले. घरचा धंदा लाकडाचा, पण यांचं मन वाफेत.

१८३३ मध्ये अर्देशीरांनी स्वतः एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन तयार केलं आणि विहिरीचं पाणी उपसायला लावलं. हिंदुस्थानात पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे हे इंजिन तिच्या वीस वर्षं आधीचं. दुसऱ्या वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी आपलं घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर बघायला आले होते.

मी पुन्हा हिशेब मांडला. त्या काळच्या कमी दाबावर एक अश्वशक्ती काढायची तर सिलिंडर साधारण पाच इंची लागेल, म्हणजे बोटं पसरलेल्या तळहाताहून थोडा लहान. आज आपण ज्याला मोठं मॉडेल म्हणू, त्या मापाचा. एवढ्या सिलिंडरला पॅकिंग करायचं ज्ञान गोदीच्या माणसाला परकं नव्हतं. जहाजाच्या फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोराचे धागे ठोकून वर डांबर घालणं हे गोदीतलं रोजचं काम. पिस्टनच्या खोबणीत धागे आणि चरबी भरणं हा त्याचाच सख्खा भाऊ. अर्देशीरांचं इंजिन मला म्हणूनच चमत्कार वाटत नाही. पाणी बाहेर ठेवणाऱ्या हातांनी वाफ आत ठेवली.

पुढं ते इंग्लंडला गेले, कारखाने पाहिले, प्रवासाची दैनंदिनी छापली. २७ मे १८४१ ला लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, थेट १९१८ मध्ये. त्याच १८४१ साली मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि हाताखाली इंग्रज कारागीर आले. तेव्हा 'बॉम्बे टाइम्स'नं शंका काढली : कितीही हुशार आणि शिकलेला असला तरी एक नेटिव्ह माणूस इंग्रज कामगारांवर देखरेख करू शकेल काय?

हे वाचताना मला राग आला. आणि लगेच काकांचं "बरं, तुमी इंजिनेर" आठवलं. चाळीस वर्षं पिस्टन बसवणाऱ्या माणसाला मी हलक्या पिस्टनचे फायदे सांगत होतो, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काय होतं? कितीही अनुभव असला तरी आठवी पास माणसाला उष्णतेचं प्रसरण काय कळणार, हेच. १८४१ चा तो संपादक आणि मी यांच्यात एवढाच फरक की मी ते छापलं नव्हतं.

अर्देशीर १८७७ मध्ये इंग्लंडात वारले. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. माझ्या कॉलेजच्या चार वर्षांत त्यांचं नाव एकदाही कानावर आलं नाही; वॉटचं मात्र पाचवीपासून.

सांगोल्याला आलेले सिलिंडर

दोराच्या पॅकिंगची मर्यादा आगगाड्यांनी दाखवली. वाफेचा दाब वाढला, वेग वाढला, धागे जळायला लागले. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरनं लोखंडाच्या चिरलेल्या रिंगा आणल्या. रिंग सिलिंडरपेक्षा किंचित मोठी, एका जागी कापलेली. दाबून आत बसवली की स्प्रिंगसारखी बाहेर पसरून भिंतीला टेकते. झिजली तरी पसरत राहते, तापली तर चिरेमध्ये सामावते. तुमच्या बाईकमध्ये आज ज्या रिंगा आहेत त्या याच कल्पनेच्या नातवंडं.

या रिंगा घालून आगगाडी आमच्याकडेही आली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं बार्शी लाईट रेल्वे काढली, रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर, पुढं लातूर, आणि १९२७ मध्ये पंढरपूर ते मिरज. या शेवटच्या तुकड्यावर सांगोला. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. हलके रूळ टिकावेत म्हणून एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही, अशा हिशेबानं बांधलेली. वारीला वारकरी आणि एरवी बाजारकरी हीच गाडी वाहून न्यायची.

आजोबा सांगायचे, गाडी स्टेशनातून सुटताना इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मिशा फुटायच्या. मला ते कौतुकाचं वाटायचं, कारण कळलं ते गच्चीवर. उभ्या इंजिनाच्या गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टननं ते ठोकलं तर सिलिंडरचं झाकण फुटेल. म्हणून ड्रायव्हर सुटताना सिलिंडरखालचे कॉक उघडे ठेवतो आणि पाणी-वाफ बाहेर सोडतो. त्या मिशा म्हणजे माझ्या इंजिनानं थुंकलेलं पाणीच, मोठ्या मापात.

हे सिलिंडर सात समुद्रापलीकडे ओतलेले, पण त्यांना जिवंत ठेवलं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपनं. सिलिंडर अंडाकृती झिजतो, तो पुन्हा बोअर करावा लागतो. बोअर मोठा झाला की रिंगाही मोठ्या कराव्या लागतात. पिस्टनच्या दांड्याचं पॅकिंग बदलावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या फिटर-टर्नरांनी हे पिढ्यानपिढ्या केलं. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारनं घेतली, या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रूळ रुंद झाले. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली.

वाफ गेली तशी फटीची विद्या विहिरींवर उतरली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. नांगरापासून सुरुवात करून पुढं पंप आले, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. साताऱ्याचं कूपर इंजिनही इकडे घरोघरी माहीत. मोट गेली, 'इंजन' आलं. त्याच्याबरोबर लायनर, रिंगा, हेड पॅकिंग हे शब्द माणदेशच्या बोलीत शिरले. काकांनी कामाला सुरुवात केली ती याच इंजिनांवर.

ग्लँड दोरी

मी काकांकडे परत गेलो. अडकलेला पिस्टन टेबलावर ठेवला. "फुगला," एवढंच म्हणालो. त्यांनी तो भिंगाखाली धरला, चरे बघितले. 'मी सांगितलं होतं' असं काही ते बोलले नाहीत. भंगाराच्या डब्यातून बिडाचा तुकडा काढला आणि चकमध्ये धरला.

या वेळी मी फक्त बघत राहिलो. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बिडाचे, म्हणजे दोघं बरोबरच फुगणार. बिडात ग्राफाइट असतं, त्यामुळं बीड बिडावर सहसा चिकटत नाही. पिस्टनच्या मधोमध त्यांनी एक खोबण काढली. सिलिंडरचे चरे काढायला लाकडी दांडा गोल केला, त्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि हातानं फिरवत, मागं-पुढं करत भोक घासलं. मग रॉकेलनं तीनदा धुतलं, कारण पेस्टचा एक कण राहिला तरी तो पुढं घासतच राहणार. झाकणाखाली तेलात भिजवलेल्या खाकी कागदाचं पॅकिंग कापलं. शेवटी पिस्टनच्या खोबणीत पंपाची ग्रॅफाइटवाली ग्लँड दोरी, तिचे पदर सोडवून एकच पदर, घट्ट गुंडाळला. १७७० च्या दशकातला वॉटचा उपाय, सांगोल्याच्या पंपाच्या दुकानातल्या दोरीनं.

परीक्षा साधी. एका बाजूची छिद्रं अंगठ्यानं बंद करायची आणि पिस्टन ओढायचा. सोडला की तो आपोआप आत खेचला गेला पाहिजे. आमचा खेचला गेला, आणि अंगठा काढताना 'पॉक' असा आवाज आला. काका हसले. पूर्ण कामात पहिल्यांदाच.

एक जागा मी माझ्या मनानं केली होती. पिस्टनचा दांडा जिथं खालच्या झाकणातून बाहेर येतो तिथं रबरी ओ-रिंग टाकली होती, पंपातली साधी. चार वेळा वाफेवर चालवल्यावर ती कडक होऊन चिरली. तिथंही मग ग्लँड दोरीच भरली आणि वरून छोटा पितळी नट. गच्चीवर पुन्हा कुकर चढला, या वेळी काकांनाही बोलावलं. आईनं सगळ्यांना चहा दिला. इंजिन आधी थुंकलं, मग तापलं, मग सुरू झालं आणि चालत राहिलं. कुकरमधलं पाणी कमी झालं म्हणून मीच गॅस बंद केला तेव्हा सतरा मिनिटं झाली होती.

मध्येच ग्लँडमधून थेंब पडायला लागला. मी पाना घेतला आणि नट आवळला. थेंब थांबला, पण इंजिनाचा वेग उतरला, आवाज जड झाला. मी आणखी काही करणार तेवढ्यात काकांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि नट पाव आटा सैल केला. इंजिन पुन्हा मोकळं फिरायला लागलं. दांड्याच्या कडेला एक थेंब जमला, गळला, दुसरा जमला.

"पार बंद करायचा नसतोय ग्लँड," काका म्हणाले. "कोरडा पडला की दोरी जळती आन् दांडा खाती. थेंब पडाय पायजे."

मी थेंब मोजले. मिनिटाला आठ-नऊ. वहीत गॅपचा आकडा लिहिला होता, त्याच्याखाली तेवढं लिहून ठेवलं.